उगाच उघडणारं दार

थोरलीच्या काळजीखोर स्वभावावर घरातल्या सगळ्यांनी आपापल्या परीनं हसून घेतलं होतं. जिना उतरून खाली गेलेली ही बाई गॅस बंद केला की नाही या शंकेनं परत वर यायची, शेगडीची बटणं हातानं चाचपायची आणि निघताना कुलूप ओढून बघायचं राहिलं म्हणून अर्ध्या जिन्यातून पुन्हा मागे फिरायची. नवरा बेकरीची गाडी चालवायचा. तो खाली गाडीत बसून हॉर्न न वाजवता वाट बघायला शिकला होता. हिच्याशी लग्न केल्यापासून कुठल्याच सिग्नलला आपल्याला राग येत नाही, असं तो म्हणायचा. परगावी राहणारा धाकटा भाऊ फोनवर चिडवायचा, की ताई, या काळजीला कोणी पगार दिला असता तर तू कुठच्या कुठे गेली असतीस.

खरं तर तिच्या काळजीलाच पगार मिळत होता. आपोआप उघडणारी दारं बसवणं आणि दुरुस्त करणं हा तिचा धंदा. हॉस्पिटलं, बँका, मोठी दुकानं, जिथे जिथे माणूस समोर आला की काचेचं दार बाजूला सरकतं, तिथे कधी ना कधी थोरली शिडी लावून चढलेली असायची. पाठीवर कंपनीचं नाव असलेला निळा शर्ट, कमरेला हत्यारांचा पट्टा, आणि तोंडानं स्वतःशीच पुटपुटत प्रत्येक स्क्रू पुन्हा पिळून बघायची सवय. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली ती शिकली, त्यांनी पहिल्याच आठवड्यात ही सवय हेरली होती. बाकीची पोरं तिला हसायची तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, हिला कामावर ठेवा, हिच्या दारात कोणाचं बोट सापडायचं नाही.

मिस्त्रींनी तिला दार जसं समजावलं, तसंच ती पुढे विचारील त्याला समजावायची. दाराच्या डोक्यावर एक लांबट पेटी असते. पेटीत मोटर, मोटरवर गोल फिरणारा पट्टा. गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या फिरत्या दोरीसारखा, ज्यात वरची दोरी इकडे ओढली की खालची तिकडे जाते. एक काच वरच्या पट्ट्याला अडकवलेली, दुसरी खालच्या. पट्टा फिरला की दोन्ही काचा एकमेकींपासून लांब जातात, उलटा फिरला की जवळ येतात. आणि पेटीच्या खाली दोन डोळे. पहिला डोळा समोरच्या जागेत न दिसणाऱ्या लहरी सोडतो. समोर काही हललं की परत येणाऱ्या लहरी बदलतात, आणि कोणीतरी येतंय हे मोटरला कळतं. पण या डोळ्याला फक्त हालचाल कळते. माणूस उंबऱ्यातच थबकला, तर याच्या लेखी तिथे कोणी नाहीच. म्हणून दुसरा डोळा. तो उंबऱ्यावर न दिसणाऱ्या उजेडाचा पडदा सोडून बसतो, आणि त्या पडद्यात कोणी असेपर्यंत काचांना मिटू देत नाही. थोरलीचा सगळा जीव या दुसऱ्या डोळ्यात असायचा.

एवढा खटाटोप कशाला, माणसाला हात नाहीत का दार ढकलायला, असं कोणी म्हटलं की ती आईचं उदाहरण द्यायची. आई जन्मभर ऑपरेशन थिएटरात नर्स होती. हात धुऊन झाल्यावर कशालाही शिवायचं नाही, त्यामुळे ट्रे सांभाळत दार कमरेनं ढकलायचं. संध्याकाळी घरी आली की कमरेवर हात दाबून बसायची, आणि कशानं दुखतंय विचारलं की सांगायची, दारानं मारलं. स्ट्रेचर ढकलणारे, चाकाच्या खुर्चीतले, कडेवर मूल आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलेल्या बायका, कुबड्यांवर चालणारे, यांना मोकळा हात असतोच कुठे, असं थोरली विचारायची. शिवाय माणूस गेला की दार आपलं आपण मिटतं, आतला गारवा आत राहतो. ती हे इतक्या पोटतिडकीनं सांगायची, की विचारणारा कधी एकदा सुटतोय असा चेहरा करायचा.

ती आई आता थोरलीकडेच होती आणि हळूहळू सगळं विसरत चालली होती. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण निवृत्त झालोय हेच. सकाळी उठून केस घट्ट बांधायची आणि ड्यूटीला उशीर होतोय म्हणून दारापाशी येऊन उभी राहायची. शेजारची काकू दिवसभर तिच्यापाशी बसायची म्हणून थोरलीला कामावर जाता यायचं. तरी शिडीवर असताना फोन वाजला की थोरली हातातलं काम सोडून आधी तो घ्यायची. बहुतेक वेळा काकूनं डाळ कुठल्या डब्यात आहे हे विचारायला फोन केलेला असायचा.

त्या दिवशी काकू तापानं फणफणली होती. नवरा पहाटेच गाडी घेऊन गेलेला, फेरी संपल्याशिवाय येणार नव्हता. आणि नेमकी आदल्या संध्याकाळी तक्रार आलेली होती: शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या मुख्य दारानं एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कोपराला धक्का दिला होता. गृहस्थ पडले नव्हते, लागलंही नव्हतं, पण थोरलीला जेवण गेलं नाही. ते दार तिच्याच हातचं. आपण काय विसरलो, कुठला स्क्रू ढिला राहिला, हेच डोक्यात घोळत राहिलं. काम दुसऱ्या कोणावर ढकलायची तिची तयारी नव्हती आणि आईला एकटं सोडायची सोय नव्हती. शेवटी तिनं आईला सोबत घेतलं.

हॉस्पिटलच्या प्रवेशदालनात खुर्च्यांची रांग होती. थोरलीनं आईला शिडीवरून दिसेल अशा खुर्चीवर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली, आणि सिक्युरिटीवाल्या काकांना सांगितलं, की एवढं जरा लक्ष असू द्या. काका चांगले होते. त्यांनी आईला नमस्कार केला आणि आईनं त्यांना विचारलं, तुमची ड्यूटी किती वाजेपर्यंत.

धक्क्याचं कारण थोरलीला लवकर सापडलं. कोणीतरी दारासमोर मधोमध भलीमोठी झाडाची कुंडी आणून ठेवली होती. त्यामुळे माणसं समोरून यायच्याऐवजी भिंतीच्या कडेकडेनं येत होती, आणि पहिला डोळा बघत होता सरळ समोर. त्यातून म्हातारं माणूस अगदी सावकाश, भिंतीला धरून आलेलं; ते त्याला दिसलं तेव्हा पुढच्या माणसासाठी उघडलेल्या काचा मिटायला लागल्या होत्या. दुसऱ्या डोळ्यानं तरी वाचवायला हवं होतं. त्याच्या काचेवर मात्र कुठल्याशा चिकट पदार्थाचा थर बसला होता, बहुधा साफसफाईच्या फवाऱ्याचा. कुंडी तिनं बाजूला काढायला लावली, पहिल्या डोळ्याची नजर रुंद केली, आणि दुसरा डोळा पुसण्यासाठी खोलून हातात घेतला. त्याला कापूस लावताना तिचं चित्त थोडं थाऱ्यावर आलं होतं. आपला स्क्रू ढिला नव्हता.

पुसून झाल्यावर तिनं सवयीनं खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर पाण्याची बाटली होती. आई नव्हती.

तिनं दालनभर नजर फिरवली. काका नव्हते, ते बाहेर अँब्युलन्समधून कोणाला तरी उतरवून घेत होते. चौकशीच्या खिडकीपाशी रांग होती, तिच्यात आई नव्हती. स्वच्छतागृहाचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. शिडीच्या खालून, तिच्या स्वतःच्या पायांखालून, आई बाहेर गेली असणार. दारानं तिला बघितलं असणार आणि काहीही न विचारता वाट करून दिली असणार.

थोरलीनं हातातला कापूस टाकला. ती शिडी उतरली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं, तेवढ्यात काचा तिच्या मागे हलल्या आणि तिला आठवलं, की दुसरा डोळा आपल्या मुठीत आहे. या क्षणी ते दार उंबऱ्यावर आंधळं होतं. कोणी मध्येच थांबलं, कोणाचं पोर उंबऱ्यात बसलं, तर काचा येणार. असं दार सोडून जाता येत नाही. तिकडे आई प्रत्येक क्षणाला लांब जात होती. थोरली परत शिडीवर चढली. तिनं पेटीतलं बटण बंद केलं. मोटर बंद झाल्यावर तिनं दोन्ही काचा हातानं पूर्ण बाजूला ढकलल्या, मध्ये येऊ नयेत म्हणून त्यांच्यापुढे खुर्च्या लावल्या, खुर्च्यांना पिवळी पट्टी बांधली. गाठ बसेना. तिला रडू येत होतं आणि ती स्वतःलाच दटावत होती, की आधी गाठ, मग रड.

काका धावत आले. त्यांचा चेहरा पडला होता. थोरलीनं त्यांना दोष दिला नाही, तेवढा वेळच नव्हता. त्यांनी आतले मजले बघायचे आणि तिनं रस्ता, असं ठरलं. पळता पळता तिनं नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, आहे तिथून निघतो.

रस्ता रुंद होता आणि दोन्ही बाजूंनी वाहनं धावत होती. डावीकडे बस थांबा, उजवीकडे दुकानांची ओळ. आई डावीकडे गेली असेल तर बसमध्ये चढली असेल. ड्यूटीला निघालेली बाई बसच पकडणार, हा विचार आला आणि थोरली तिकडे धावली. ती थांब्यावर पोचली. तिथल्या माणसांना तिनं आईचं वर्णन सांगितलं: करडी साडी, बारीक अंगकाठी, केस घट्ट बांधलेले. एक बाई म्हणाली, अशी कोणी चढली नाही. एकजण म्हणाला, चढली असेल बुवा, मी फोनवर होतो. त्या एका वाक्यानं थोरलीचा उरलासुरला धीर गेला. तेवढ्यात एक बस सुटली आणि थोरली बसबरोबर धावत एकेका खिडकीत बघत गेली, बस पुढे निघून जाईपर्यंत.

ती परत फिरली आणि दुकानांच्या बाजूला आली. चष्म्याचं दुकान, चपलांचं, झेरॉक्सचं. सगळीकडे तेच वर्णन, तीच मान हलवणं. उशिरानं का होईना, तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली, की आई रस्ता ओलांडायला घाबरते आणि नेहमी भिंतीच्या कडेनं चालते. म्हणजे ती याच बाजूला असणार. पण या बाजूला गल्ल्याही होत्या, आणि एका गल्लीच्या तोंडाशी इमारतीचं खोदकाम चालू होतं. तिकडे बघायचंही तिच्या जिवावर आलं. तरी तिनं पत्र्याच्या आडून वाकून बघितलं. खाली फक्त माती आणि लोखंडी सळया होत्या.

औषधांच्या मोठ्या दुकानापुढून ती पळत जात होती तेव्हा आतून एक माणूस हात करत बाहेर आला. त्यानं तिचा निळा शर्ट पाहिला होता.

"अहो दारवाल्या बाई, बरं झालं दिसलात. आमचं दार बिघडलंय, जरा बघून जा. मघापासून कोणी नसताना उगाच उघडतंय आणि मिटतंय."

थोरलीनं पळता पळताच हात हलवला. आत्ता नाही, माझी आई हरवली आहे, असं काहीतरी ती म्हणाली आणि पुढे गेली. पुढच्या एका बेकरीपर्यंत पोचली आणि पाय आपोआप थांबले. दार उगाच उघडत नाही. इतक्या वर्षांत तिनं एकही दार उगाच उघडताना बघितलं नव्हतं. कधी वाऱ्यानं हलणारं फलकाचं कापड असतं, कधी कुत्रं, कधी पाल थेट डोळ्यावर बसलेली. पण काहीतरी असतंच.

ती मागे वळली.

औषधाच्या दुकानाची अर्धी काच कसल्याशा मलमाच्या मोठ्या जाहिरातीनं झाकलेली होती. त्यामुळे आत गल्ल्यावर बसलेल्याला दाराची एकच बाजू दिसायची. दुसऱ्या बाजूला, खांब आणि काच यांच्यामधल्या जागेत, आई उभी होती. ती फार दमली होती. भार कधी या पायावर, कधी त्या पायावर घेत होती. तिनं पाय बदलला की ती डोळ्याच्या कडेला येत होती, आणि दार उघडत होतं. दार उघडलं की आई हात पुढे करून मान हलवत होती आणि मागे सरत होती. मग दार मिटत होतं.

थोरली तिच्यापाशी गेली. आपण मोठ्यानं हाक मारली तर ती दचकेल म्हणून तिनं हळूच कोपर धरलं.

"आई."

"आलीस का गं थोरले," आई म्हणाली, जणू ठरलेल्या जागीच भेट झाली होती. "बघ ना, आत कोणीतरी फार भला माणूस आहे. सारखं दार उघडतोय माझ्यासाठी. मी किती वेळा सांगितलं, बाबा, नको, मला काही घ्यायचं नाही, पण थकतच नाही."

थोरलीला हसू आलं आणि त्याच हसण्यातून ती भर रस्त्यात ढसाढसा रडायला लागली. आईनं तिच्या कपाळाला उलट्या हातानं शिवून ताप आहे का बघितलं. दुकानदार दारातून हे सगळं बघत होता. तो आत गेला आणि एक स्टूल घेऊन आला.

नवरा आला तेव्हा दोघी त्या दुकानात पंख्याखाली बसल्या होत्या. तो आईच्या शेजारी जमिनीवरच बसला. त्याच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. आईला तो कोण हे त्या वेळी आठवलं नाही, पण पाव आणलेत का, असं मात्र तिनं विचारलं.

थोरलीचं काम अर्धवट राहिलं होतं. नवऱ्यानं आईला गाडीत बसवलं, गाडी हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी केली, आणि थोरलीनं परत शिडीवर चढून दुसरा डोळा जागच्या जागी बसवला. मग उंबऱ्यात स्वतः उभी राहिली, बसली, हात आडवा धरला, पाय पुढे केला. काचा आल्या नाहीत. भिंतीच्या कडेनं ती म्हाताऱ्या माणसासारखी सावकाश चालत आली. दार उघडलं. सिक्युरिटीवाले काकाही तिच्यासोबत चालले. एवढ्या लांब गेल्या कशा, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. धाकट्याचं म्हणणं पडलं, की बाहेरून कुलूप लावायचं आणि मोकळं व्हायचं. तो लांब होता, त्याला भीती वाटत होती, हे थोरलीला कळत होतं. तरी कुलपाचं नाव निघालं की ती विषय तोडायची. घराला आग लागली आणि आई आतून दार वाजवत राहिली, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. उघडं ठेवलं तर आई रस्त्यावर, बंद केलं तर आई कोंडलेली. नवरा तिची समजूत घालायचा, जेवून घे म्हणायचा. ती जेवायला बसायची आणि घास हातातच राहायचा.

शेवटी तिनं विचारलं मिस्त्रींना. मिस्त्री आता घरीच असायचे, गुडघ्यांनी शिडी सोडायला लावली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, डोळा मोटरलाच जोडायला पाहिजे असं कुठे आहे?" ते म्हणाले. "घंटीला जोड."

तिनं घरच्या दाराच्या वर आतून छोटासा डोळा बसवला. आई दारापाशी आली की स्वयंपाकघरात आणि शेजारी काकूकडे बारीक घंटी वाजायची. दाराला कुलूप नव्हतं. आईला घंटीचं मोठं कौतुक. वाजली की तीच आत येऊन सांगायची, बघ गं, कोणीतरी आलंय. मग थोरली किंवा काकू तिच्याबरोबर बाहेर जायची, कोपऱ्यापर्यंत चक्कर व्हायची, आणि ड्यूटी झाली असं समजून आई परत यायची.

वर्ष तसंच गेलं. मग काकूच्यानं होईना, आणि आईला दिवसा वृद्धांच्या एका केंद्रात ठेवायचं ठरलं. तिथल्या बाईंनी थोरलीला आधी बोलावलं ते कामासाठी. त्यांना असं दार हवं होतं, की बाहेरून येणाऱ्याला आपोआप उघडावं, आतून मात्र भिंतीवरचं बटण दाबल्यावरच. थोरलीनं ते काम घेतलं, पण मन लागेना. सगळं आयुष्य तिनं कोणालाही न विचारता वाट देणारी दारं बसवली होती. हे दार आतल्या माणसाला ओळखणार नव्हतं. तिनं केंद्रातल्या बाईंकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, मगच शिडी लावली: आगीची घंटा वाजली किंवा वीज गेली, की दारानं बटणाची वाट बघायची नाही. पेटीतल्या बॅटरीवर आपलं आपण उघडायचं आणि उघडंच राहायचं. ते काम तिनं इतक्या वेळा तपासलं, की बाई कंटाळून आत निघून गेल्या.

आईला पहिल्या दिवशी सोडायला थोरली आणि नवरा दोघंही गेली. दार उघडलं, आई आत गेली, आतल्या एका आजींची नाडी बघायला लागली. काचा मिटल्या. थोरली बाहेर उभी राहून आत बघत राहिली. आई आता वळेल, दारापाशी येईल, दार उघडणार नाही आणि ती घाबरेल, या भीतीनं तिला तिथून हलवेना. नवऱ्यानं तिला थोडं मागे ओढलं, कारण ती समोर चुळबुळत उभी असेपर्यंत दार सारखं उघडत होतं.

आई वळली नाही. तिनं त्या आजींचा हात खाली ठेवला आणि पलीकडच्या खुर्चीकडे गेली. तिथे दुसरे कोणी पेशंट बसले होते.

थोरली गाडीत येऊन बसली. बराच वेळ तिनं पट्टा लावला नाही. नवऱ्यानं गाडी सुरू केली नाही, घाईही केली नाही. मग ती म्हणाली, एकदाच बघून येते, आणि उतरली.